दिवाळीची खरेदी कमी करायची, तर आधी काय वाढवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचवडला राहता, दोघंही नोकरी करता, मुलगा नववीत, मुलगी पाचवीत, सासूबाई तुमच्याकडेच असतात. गेल्या दिवाळीत दोघांचा मिळून ५२,००० रुपये बोनस आला आणि ९१,००० खर्च झाले. टीव्हीचे दोन हप्ते अजून बाकी आहेत आणि पुढची दिवाळी सहा-सात आठवड्यांवर आली. यंदा खरेदी निम्म्यावर आणायची इच्छा आहे, पण घर सुनं सुनं वाटेल, मुलं हिरमुसतील, नणंदा मनाला लावून घेतील अशी धास्ती वाटते. म्हणून विचारताय, साधी दिवाळी करायची म्हणजे नेमकं काय करायचं?

मी एका सहकारी पतसंस्थेत २६ वर्षं कर्ज विभागात होते. निवृत्तीनंतर ओळखीतल्या घरांसोबत बसून त्यांच्या घरखर्चाची वही लावून देते. कर्जाच्या टेबलावर बसलं की वर्षाचे महिने वेगळेच दिसतात. एप्रिल-मेमध्ये माणसं लग्नासाठी येतात, जूनमध्ये शाळेच्या फीसाठी. जानेवारी-फेब्रुवारीत येणारी मात्र कारण सांगताना अडखळतात. अर्जावर ‘घरगुती अडचण’ एवढंच लिहितात. सोबत बसून हिशेब काढला की त्यातून बहुतेक वेळा दिवाळी निघते: क्रेडिट कार्डाचं थकलेलं बिल, दोन-तीन हप्ते एकदम सुरू झालेले, आणि त्यात एखादं आजारपण.

तुम्ही प्रश्न खर्चाचा म्हणून मांडला आहे. माझ्या अनुभवात तो त्याच्या एक पायरी आधी सुरू होतो. दिवाळीची कामं एकेक करत आपल्या घरांतून गेली. कंदील तयार आला, फराळ डब्यातून आला, रांगोळीचे स्टिकर आले, किल्लासुद्धा प्लास्टरचा विकत मिळायला लागला. हातांना काम उरलं नाही, आणि ती मोकळी झालेली जागा खरेदीने भरून काढली. आज बहुतेक घरांत दिवाळीच्या आधीचे दोन आठवडे सगळे मिळून करतात असं एकच काम उरलंय, ते म्हणजे खरेदीला जाणं. तेही काढून घेतलं तर मागे काहीच राहत नाही. तुम्हाला वाटणारी सुनेपणाची भीती म्हणूनच खरी आहे, तिला मनाचा कमकुवतपणा समजू नका. पहिल्या वर्षी नुसती कात्री लावलेली घरं दुसऱ्या वर्षी दुप्पट खर्च करतात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. त्यामुळे माझा क्रम उलटा असतो. आधी घरात काहीतरी आणायचं, मग बाजारातलं काढायचं.

येत्या रविवारी एक करा. घरातल्या प्रत्येकाला, सासूबाईंनाही, एकेक कागद द्या आणि गेल्या दिवाळीतल्या आठवतील त्या पाच गोष्टी लिहायला सांगा. एकमेकांचं बघायचं नाही. मग गेल्या वर्षीच्या पावत्या आणि कार्डाचं बिल त्या कागदांशेजारी ठेवा. मी हे बऱ्याच घरांत केलंय. मुलांच्या कागदांवर असतं: मामाकडे गच्चीवर झोपलो, वीज गेली तेव्हा सगळ्या इमारतीत पणत्याच दिसत होत्या, बाबांनी तळलेली चकली विरघळली. कपड्यांचा उल्लेख क्वचित येतो. एका घरात तर ३०,००० रुपयांचा फोन घेऊन दिलेल्या मुलाने पाचही ओळींत फोन लिहिला नव्हता, आणि ते वाचून त्याचा तोच बराच वेळ गप्प बसला. तुमच्याकडे निराळं निघू शकेल. टीव्ही आल्यापासून सगळे रात्री एकत्र बसतात असं कुणी लिहिलं तर तो टीव्ही तुमच्या घराच्या उपयोगी पडला, त्याबद्दल हळहळू नका. पण यंदाचे निर्णय या कागदांवरून घ्या. कशावर कात्री लावायची आणि काय जपायचं हे बाहेरच्या कुणी, मीसुद्धा, सांगण्यात अर्थ नाही.

आता पैशाकडे येते, कारण तिथे एक गाठ आहे. ९१,००० पैकी ४२,००० टीव्हीचे, २१,००० कपड्यांचे, १४,००० भेटवस्तू आणि मिठायांचे, ९,००० फराळ-रोषणाई-फटाक्यांचे आणि ५,००० किरकोळ, असं तुम्ही लिहिलंय. टीव्ही ‘बिनव्याजी हप्त्या’वर घेतला, ३,५०० रुपयांचे १२ हप्ते. हे बिनव्याजी प्रकरण नीट समजून घ्या. बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकानदार किंवा कंपनी किमतीतून सूट म्हणून वळती करते, त्यामुळे तुमची बेरीज छापील किमतीइतकी दिसते. म्हणजे रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती तुमच्या बाबतीत व्याजात गेली. ४२,००० मध्ये समजा २,७०० व्याज असेल, तर कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४८६ रुपये, आणि प्रक्रिया शुल्क त्याहून निराळं. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं, व्याज शुल्काच्या रूपात झाकलं जातं. काही शे रुपयांनी कुणाचं घर बुडत नाही, हे मलाही मान्य आहे. मला खुपतं ते दुसरं: बारा महिन्यांचा हप्ता दिवाळीत सुरू झाला की तो पुढच्या दिवाळीच्या उंबरठ्यावर संपतो. मग हात मोकळा झाल्यासारखा वाटतो आणि नवा हप्ता सुरू होतो. माझ्याकडे एक जोडपं यायचं, त्यांनी सहा वर्षं एकही महिना हप्त्याशिवाय काढला नव्हता आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

बोनसबद्दलही एक सांगते. कायद्याने किमान बोनस ८.३३ टक्के ठरलेला आहे, म्हणजे हिशेबात धरलेल्या वर्षभराच्या वेतनाचा बारावा हिस्सा. बारा महिने राबून मिळवलेले हे पैसे आहेत. हातात एकदम पडतात म्हणून लॉटरीसारखे वाटतात, आणि तसेच उडतात. मी तुमच्या जागी असते तर बोनस जमा होईल त्याच दिवशी २६,००० रुपये जूनच्या शाळाखर्चासाठी मुदत ठेवीत टाकले असते. दिवाळीला उरले २६,०००. त्यातून कपड्यांना १०,०००, ओवाळणी आणि भेटींना ६,०००, घरकामाच्या ताई, रखवालदार, कचरा नेणारे यांना ४,०००, फराळ-पणत्या-उटणं-किल्ला मिळून ४,००० आणि एक दिवसाची सहल व दिवाळी अंक यांना २,०००. टीव्ही सोडला तर गेल्या वर्षी तुम्ही ४९,००० खर्च केले होते, त्याच्या हे साधारण निम्मं झालं. आकडे तुमच्या सोयीने हलवा.

काही घरांत मी हा सल्ला देत नाही. मुलीचा दिवाळसण असेल, म्हणजे लग्नानंतरची पहिलीच दिवाळी, तर दोन्ही घरांच्या अपेक्षा गुंतलेल्या असतात. तिथे एकतर्फी साधेपणा केला तर तो मुलीला सोसावा लागतो. फ्रिज खरंच बंद पडला असेल आणि पैसे साठवलेले असतील तर दिवाळीच्या सवलतीत घेणं शहाणपणाचंच आहे. वर्षभरात घरातलं कुणी गेलं असेल तर त्या दिवाळीला ‘यंदा साधंच’ या शब्दांचा अर्थच निराळा होतो. आणि घरातल्या कुणाला मन हलकं करायला खरेदीच लागत असेल, पाकिटं न उघडता कपाटात पडून राहत असतील, तर ते वहीने सुटत नाही. तिथे माणसाशी शांतपणे बोलावं लागतं, कधी समुपदेशकाकडे जावं लागतं.

तुमच्या घरात यातलं काही दिसत नाही, म्हणून मोकळेपणाने सांगते. किल्ल्यापासून सुरुवात करा.

पाचवीतल्या मुलीसाठी याहून चांगलं मला काही सुचत नाही. दिवाळीच्या दोन-तीन आठवडे आधी एका रविवारी पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरा आणि लोहगड पाहून या. चढ मुलांना झेपणारा आहे, पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक लागतात, आणि वर गेल्यावर विंचूकाटा दिसतो, डोंगराची ती लांबच लांब सोंड. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यात लोहगड आहे, हे मुलीला तिथे उभं राहून सांगा. तिला वहीत नकाशा काढायला लावा. दरवाजे किती, वाट कुठे वळते, पाणी कुठे साठवलंय. मग घरी येऊन तोच किल्ला बांधायचा. विटा, दगड, त्यावर गोणपाट, त्यावर कालवलेली माती. विंचूकाटा नीट उतरवणं अवघड जातं, दोन-तीनदा ढासळतो, आणि तिथेच नववीतला भाऊ स्वतःहून पुढे येतो. त्याला बोलावू नका. माती ढासळायला लागली की तो येईल.

इमारतीत किल्ल्याला जागा मिळत नाही अशी तक्रार मी कायम ऐकते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ताच, लेखी, विचारून ठेवा: पार्किंगचा कुठला कोपरा, माती कुणी आणायची, दिवाळीनंतर कोण साफ करणार. साफसफाईचं आधीच कबूल केलं की परवानगी सहसा मिळते. इतर मुलं दुसऱ्या दिवशीच जमतात. मावळे कुंभारवाड्यातून मुलीने स्वतः निवडून आणावेत, एकेका मावळ्याची किंमत तिने विचारावी आणि पैसेही तिने मोजावेत. दिवाळीतली ही एक खरेदी मी आवर्जून करायला लावते.

नववीतल्या मुलाचं थोडं कठीण आहे, आणि त्याला ‘साधेपणातला आनंद’ वगैरे सांगायला जाऊ नका. त्या वयात मित्रांमध्ये आपण कमी दिसणं फार बोचतं, ते बोचणं खरं असतं. त्याला खरा हिशेब दाखवा. टीव्हीच्या हप्त्यांचं गणित त्यालाच करू द्या, व्याजाचं गणित शाळेत शिकलेलाच आहे. कपड्यांचे ३,००० रुपये त्याच्या हातात द्या आणि मग एक शब्द बोलू नका. सगळे एका जोडी बुटांवर घालवले तरी चालतील, जुना शर्ट घालून दिवाळी करायचा निर्णयही त्याचाच असेल. पाडव्याच्या पहाटे पुण्यातल्या सारसबागेत हजारो पणत्या लागतात, माणसांची गर्दी उसळते. त्याच्या मित्रांना घेऊन त्याला जाऊ द्या. त्याला त्या दिवशी तुमच्यापेक्षा मित्र हवे असतील, आणि तेही सणाचंच सुख आहे.

आता एक गोष्ट, जी साधेपणावर बोलणारे बहुतेक जण वगळतात. बाजारातलं बंद करून सगळं घरी करायचं ठरलं की ते काम कुणाच्या अंगावर पडतं? तुम्ही नोकरी करता. रात्री दहाला घरी चकलीची भाजणी भाजत उभ्या राहिलात तर या दिवाळीत सगळ्यांना साधं सुख मिळेल आणि तुम्हाला फक्त पाठदुखी. असं होणार असेल तर फराळ विकत आणा, मी मनापासून सांगते. तुमच्या जवळच्या महिला बचत गटाकडे आत्ताच मागणी नोंदवा, त्या बायकांच्या घरची दिवाळी त्या मागणीवर अवलंबून असते. घरी करायचे ते दोनच पदार्थ ठरवा, आणि ते एका रविवारी, सगळ्यांनी मिळून. करंज्या हा त्यासाठी उत्तम पदार्थ आहे, कारण एकट्याने करायला तो जीव खातो आणि चौघांत दोन तासांत उरकतो. एकाने लाटायचं, एकाने सारण भरायचं, मुलीने कातण फिरवायचं, तळायला मुलांच्या बाबांना बसवा. चकली घरचीच हवी असेल तर भाजणीचं साधं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, धणे आणि जिरे. धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजायचं. हे काम आदल्या आठवड्यात मुलाच्या बाबांकडे सोपवता येतं, त्यात न जमण्यासारखं काही नाही.

अनारशांच्या वाटेला यंदा जाऊ नका. तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, मग वाळवून कुटायचे, गुळात मळून ठेवायचे. निवांत घराचा पदार्थ आहे तो. सासूबाईंना हौस असेल आणि हातात जोर असेल तर गोष्ट वेगळी.

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर सांगते, त्यांना ‘पटवून’ द्यायला जाऊ नका, विचारा. त्यांच्या माहेरी नरकचतुर्दशीला काय करायचे? कोकणातल्या असतील तर पायाच्या अंगठ्याने कारीट, ते छोटं कडू फळ, फोडणं आणि पोह्यांचे चार-पाच प्रकार निघतील, दडपे, गोड, ताकातले. देशावरच्या असतील तर वसुबारसेची गाय-वासरं निघतील. त्यातलं एक यंदा घरात परत आणा आणि ते त्यांच्या देखरेखीखाली होऊ द्या. पहाटे त्यांच्या हातून नातवंडांच्या अंगाला तीळतेल आणि उटणं लागू द्या. खर्च कमी करण्याला मोठ्या माणसांचा विरोध बहुतेकदा पैशासाठी नसतो. आपला सण आपल्या डोळ्यांदेखत आटतोय असं त्यांना वाटतं. जुनी एक रीत परत आलेली दिसली की तो विरोध पुष्कळ मऊ होतो.

त्यांना वाचनाची आवड असेल तर जवळच्या वाचनालयाची दिवाळी अंकांची योजना घ्या. ठरावीक रक्कम भरली की दोन-तीन महिने आळीपाळीने अंक घरी येत राहतात. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही मराठी माणसाची सवय, आणि डिसेंबरपर्यंत घरात दिवाळी रेंगाळत राहते ती या अंकांमुळे.

इथवरचं एकदा जुळवून घ्या: कागदांवरच्या आठवणी पाहून काय जपायचं ते ठरवलं, निम्मा बोनस बाजूला गेला, नवा हप्ता घ्यायचा नाही, लोहगड आणि किल्ला, दोन पदार्थ सगळ्यांच्या हातचे, सासूबाईंची एक रीत. राहिले नातेवाईक.

नणंदांशी बोलणं तुम्ही करू नका. ते त्यांच्या भावाने करायचं. तेच वाक्य सुनेच्या तोंडून आलं की ‘हिने बंद केलं’ असं होतं आणि वर्षानुवर्षं निघत राहतं. आणि ते दिवाळीच्या तोंडावर बोलायचं नाही, त्यांची खरेदी झालेली असते. दसऱ्याला बोला. दिवाळीच्या साधारण वीस दिवस आधीचा तो दिवस, आपण आपट्याचं पान सोनं म्हणून मोठ्यांच्या हातात ठेवतो, पाया पडतो, आणि कुणीही त्या पानाची किंमत करत नाही. (पान एकेकच न्या. त्या दिवशी झाडं ओरबाडलेली पाहून मला फार वाईट वाटतं.) त्या बैठकीत हे बोलणं सोपं जातं. “ताई, यंदा भाऊबीजेला साडी आणणार नाही, ओवाळणी पाकिटात घालीन. तूही मुलांना कपडे आणू नकोस. पण सकाळीच ये, जेवायला थांब, रात्री मी सोडायला येईन.” एवढंच. कारणं देत बसू नका, कर्जाचं रडगाणं नको आणि तत्त्वज्ञानही नको. या वाक्यात साडीच्या जागी अख्खा दिवस दिलेला आहे, आणि लग्न झालेल्या बहिणीला माहेरचा अख्खा दिवस हल्ली मिळत नाही. एखादी नणंद तरीही नाराज होईल. पहिल्या वर्षी होते, त्याची तयारी ठेवा. तिने मुलांसाठी काही आणलंच तर हसून घ्या, लगेच परतफेड करायला बाजारात धावू नका.

एके ठिकाणी मात्र कात्री मुळीच लावायची नाही. साधेपणाच्या नावाखाली घरकामाच्या ताईंचा महिन्याचा जादा पगार कमी केलेली घरं मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला राग येतो. आपला टीव्ही राहिला तर काही बिघडत नाही, त्यांच्या मुलांचे कपडे त्याच पैशांतून येतात. तसंच पणत्यांचं. रस्त्यावर पणत्या घेऊन बसलेल्या बाईशी डझनामागे पाच रुपयांसाठी घासाघीस करू नका, यादीत त्याचे पैसे पूर्ण धरा.

या आठवड्यात करायची कामं तीनच आहेत: कागदांचा रविवार, सेक्रेटरींना पत्र आणि बचत गटाकडे नोंदणी. लोहगडला जाताना पाणी भरपूर घ्या, मुलांच्या पायात पकड असलेले बूट असू द्या, पावसाळा संपता संपता दगड निसरडे असतात. किल्ल्यावर हिरवळीसाठी अळीव किंवा मोहरी पेराल, ती फार आधी पेरू नका. अळीव दोन-तीन दिवसांत उगवून येतात. वसुबारसेच्या चार दिवस आधी पेरले आणि रोज पाणी शिंपडायचं काम मुलीकडे दिलं, तर लक्ष्मीपूजनाला किल्ला हिरवागार असतो. लवकर पेरले तर तोवर पिवळे पडतात.